नर वराहाची गुणसूत्र तपासणी: नाशिकहून नमुना पाठवणाऱ्यांसाठी परीक्षण

वीर्यात शुक्राणूंची हालचाल उत्तम, संख्या भरपूर, माद्याही वेळेवर गाभण राहतात. तरी वेतात पिल्लं पाच-सहाच. अशा नराचं काय बिघडलंय ते वीर्य तपासून कळत नाही, गुणसूत्रं तपासावी लागतात. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या वराहपालकांना ही तपासणी पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून करून घेता येते. रक्ताची नळी, थर्माकोलचा डबा आणि अर्ज त्यांच्याकडून येतो. रक्त पशुवैद्यकांनी काढायचं आणि पोहोचवण्याची जबाबदारी आपली. नर पैदाशीला ठेवायचा असेल तर ही तपासणी जरूर करावी. मात्र नमुना कसा पाठवायचा आणि अहवालात काय मागायचं हे आधी ठरवलं नाही, तर पैसे वाया जातात.

डुकराच्या पेशीत ३८ गुणसूत्रं असतात. वेत लहान करणारा सर्वात नेहमीचा दोष म्हणजे परस्पर स्थानांतर: दोन वेगळ्या गुणसूत्रांचे तुकडे तुटतात आणि एकमेकांच्या जागी जोडले जातात. जनुकं सगळी शाबूत असल्याने नर धडधाकट वाढतो, माजावरच्या मादीवर नीट चढतो. घोळ होतो तो शुक्राणू तयार होताना. वाटणी चुकते आणि काही शुक्राणूंत एक तुकडा जादा, दुसरा गायब असं होतं. हे शुक्राणू पोहायला कमी पडत नाहीत, गर्भही धरतो, पण असे बहुतेक गर्भ पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. साधारण ३५ दिवसांच्या आत, हाडं धरायच्या आधी मेलेला गर्भ मादीच्या शरीरातच जिरतो. त्यामुळे विताना काहीच विचित्र दिसत नाही, फक्त पिल्लं कमी असतात. पार्वो या विषाणूच्या रोगात मात्र लहानमोठ्या आकाराची काळपट, वाळलेली पिल्लं बाहेर पडतात. हा फरक वेताच्या वहीत लिहिला जात नाही, म्हणून दोष वर्षानुवर्षं लपून राहतो आणि कमी पिल्लं देणारी म्हणून मादी विकली जाते.

असा नर १९६४ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम नोंदवला गेला. फ्रान्समध्ये तूलूजच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पैदाशीच्या तरुण नरांची तपासणी नियमित चालते. तिथे दोनशेत साधारण एक नर असा सापडतो. दोनशेत एक म्हणजे फार नाही असं वाटेल, म्हणून हिशेब मांडून पाहा. एका नराकडे २० माद्या, प्रत्येकीची वर्षाला दोन वेतं, म्हणजे ४० वेतं. दर वेताला दहाऐवजी सहा पिल्लं झाली तर वर्षाला १६० पिल्लं कमी. शिवाय जगलेल्या पिल्लांपैकी साधारण निम्मी हाच दोष घेऊन जन्मतात. त्यातल्या माद्या पुढच्या पैदाशीला ठेवल्या की तो कळपात पसरला. कृत्रिम रेतनात एका वेळच्या वीर्यातून पंधरा-वीस मात्रा निघतात, तिथे नुकसान याच्या कित्येक पट.

आता सेवेकडे. संचातली नळी हिरव्या टोपणाची, म्हणजे हेपॅरिनची (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाची) आहे आणि ती योग्यच आहे. नेहमीच्या रक्ततपासणीची जांभळ्या टोपणाची नळी इथे चालत नाही. या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी जिवंत पोहोचाव्या लागतात. प्रयोगशाळेत त्या ३७ अंशाला सुमारे ७२ तास वाढवतात. जांभळ्या नळीतलं रसायन त्यांची वाढ मारतं. दवाखान्यात हिरवी नळी संपली म्हणून जांभळी वापरली, तर नमुना तिथेच बाद समजा.

पाच मिलिलिटर रक्त पुरतं. मोठ्या नराला नाकाच्या फासात धरून, मान वर करून, उजव्या बाजूने मानेच्या शिरेतून काढतात. कानाच्या शिरेतूनही निघतं, पण हळू. सर्वाधिक नमुने वाया जातात ते इथल्या अस्वच्छतेने. डुकराची कातडी शेण-मातीने माखलेली असते आणि जंतूचा एक थेंब नळीत गेला की तीन दिवसांत पेशींऐवजी जंतूच वाढतात. आधी साबणाने धुवा, पुसून कोरडं करा, मग स्पिरिट लावा आणि ते सुकू द्या. नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा, हलवून फेस काढू नका. प्रत्येक जनावराला नवी सुई हवी. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२० पासून देशात आहे आणि त्याचा विषाणू रक्तातून सहज जातो, म्हणून सांडलेलं रक्तही लगेच जंतुनाशकाने पुसा. ताप असलेल्या नराचं रक्त त्या दिवशी काढूच नका.

रक्त बर्फासारखं गोठता कामा नये, तापताही कामा नये. संचातली सूचना एवढीच आहे: ‘थंड ठेवा’. ती अपुरी आहे, कारण बर्फाच्या पिशवीला नळी थेट टेकली की रक्त गोठतं आणि पेशी फुटतात. नळीभोवती वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर गुंडाळा, मग डब्यात ठेवा. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचं ऊन चाळिशीला टेकतं; तेव्हा दुपारी कुरिअरच्या गाडीत पडलेला डबा संध्याकाळपर्यंत निकामी होतो. रक्त सकाळी लवकर काढावं आणि त्याच दिवशी पुण्याच्या गाडीने, शक्यतो आपल्या माणसाच्या हाती पाठवावं. २४ तासांत पोहोचलं तर उत्तम, ४८ तासांपलीकडे भरवसा नाही. प्रयोगशाळा नमुने फक्त सोमवार ते बुधवार घेते. गुरुवारी काढलेलं रक्त रविवार ओलांडून पोहोचेल, म्हणून तो वार टाळा.

खरी उणीव अहवालात आहे. अर्जात मागणी केली नाही, तर साधी रंगवलेली गुणसूत्रं मोजून ‘३८, एक्सवाय, सामान्य’ असा एका ओळीचा अहवाल येतो (एक्सवाय ही नराची लिंग ठरवणारी गुणसूत्रं). आपल्या कामासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. परस्पर स्थानांतरात गुणसूत्रं ३८ च राहतात, फक्त तुकडे बदललेले असतात. नुसत्या मोजणीने दोन गुणसूत्रं जुळून एक झालेलं ३७ चं प्रकरण सापडेल, किंवा खुज्या वृषणांचा, वीर्यात शुक्राणू नसलेला, एक एक्स जादा असलेला ३९ एक्सएक्सवाय नर सापडेल. लहान वेताचा मुख्य गुन्हेगार मात्र सुटतो. अर्जावर ‘जी-पट्ट्यांसह’ असं स्पष्ट लिहा. ट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या विकराची प्रक्रिया करून रंगवल्यावर प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिक्या पट्ट्या उमटतात आणि हललेला तुकडा ओळखता येतो. पट्ट्यांचं शुल्क वेगळं असलं तरी सगळं मिळून दूध सोडलेल्या एक-दोन पिल्लांच्या किमतीत बसतं. अहवालासोबत जोड्या लावलेलं छायाचित्र मागा. १ ते १२ या जोड्या दोन बाह्यांच्या (आवळलेल्या जागेच्या दोन्हीकडे भाग दिसणाऱ्या), १३ ते १८ एकाच बाहीच्या. एवढं माहीत असलं की आपले पशुवैद्यकही छायाचित्र पडताळू शकतात. किती पेशी पाहिल्या तेही लिहिलेलं असावं, किमान २०.

पट्ट्यांसहित अहवाल तीन आठवड्यांत हाती येतो आणि पट्ट्यांचं काम नीटनेटकं असतं, हे मान्य करायला हवं. पेशी वाढल्या नाहीत तर दुसऱ्यांदा शुल्क घेत नाहीत. पशुवैद्यकांची फी आणि प्रवासखर्च मात्र पुन्हा आपल्याच माथी. अहवाल इंग्रजीत असतो, सोबत स्पष्टीकरणाची एक ओळही नाही. दोष निघाला तर पुढे काय करायचं, हे फोन करून विचारावं लागतं. उत्तर तसं सोपं आहे: नर पैदाशीतून काढायचा, आणि त्याच्या ज्या लेकी ठेवल्या असतील त्या प्रत्येकीची तपासणी करायची.

तपासणी आयुष्यात एकदाच लागते, कारण गुणसूत्रं वयाने बदलत नाहीत. म्हणून योग्य वेळ म्हणजे नर विकत घ्यायच्या आधी किंवा चार-पाच महिन्यांचा असताना, पहिल्या मादीवर सोडण्याआधी. राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० माद्या आणि १० नरांचं युनिट उभारणाऱ्यांनी दहाही नरांचे अहवाल विक्रेत्याकडे मागावेत. वीर्याच्या मात्रा विकत घेणाऱ्यांनीही त्या नराचा अहवाल विचारावा.

नर आधीच कामावर असेल, तर वही उघडा. वेगवेगळ्या माद्यांची निदान आठ-दहा वेतं त्याची लहान, आणि त्याच माद्या दुसऱ्या नराकडून भरपूर पिल्लं देत असतील, तर लगेच रक्त पाठवा. सगळ्याच नरांची वेतं जुलै-ऑगस्टमध्ये गाभण राहिलेल्या माद्यांत घटली असतील, तर आधी मे-जूनच्या उन्हाकडे बघा. तापलेल्या नराचं वीर्य सुधारायला सहा ते आठ आठवडे जातात. अशा वेळी गुणसूत्रांच्या शुल्कातून शेडला पाण्याचे फवारे आणि सावलीची जाळी बसवलेली बरी.