रामेश्वरजवळच्या धनुष्कोडीची रिक्षा ट्रिप: लंकेपर्यंतचा पूल होईल तेव्हा होईल, हे टोक आधी नीट बघून घ्या

आम्ही धनुष्कोडीला दोनदा गेलो ते आधी सांगते, कारण रिव्ह्यू दुसऱ्या वेळेचा आहे. पहिल्यांदा टूरवाल्यांच्या बसने, भर दुपारी साडेबाराला, आणि खाली उतरवून "वीस मिनिटात गाडीत या" सांगितलं. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, त्यांना वाळूतून पाण्यापर्यंत जाऊन यायलाच तेवढा वेळ लागतो. बरं, त्या नुसतं बघायला आलेल्या नव्हत्याच, त्यांना सेतूची वाळू घ्यायची होती. काशी-रामेश्वर करायचं म्हणजे इथली वाळू गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी इथे आणून रामेश्वराला घालायचं, हे त्यांनी माहेरी लहानपणापासून ऐकलेलं. वाळू न घेताच परत यावं लागलं आणि बसमध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत. टूरवाल्यांनो, एवढं लांब आणता तर तास-दीड तास तरी द्या हो.

मग दुसऱ्या दिवशी देवळाच्या पूर्वेच्या गोपुराजवळून रिक्षा केली, जाऊन-येऊन ९०० रुपये, सकाळी साडेपाचला निघायचं आणि थांबायची घाई नाही असं आधीच बोलून घेतलं. रिक्षावाले अण्णा साठीच्या आसपासचे, हिंदी मोडकंतोडकं पण सगळं कळतं, सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून अम्मा म्हणत होते. रिक्षा स्वच्छ, ब्रेक नीट, गाणी लावली नाहीत, वाटेत कमिशनच्या दुकानात नेलं नाही. नवा रस्ता २०१७ ला झाला, तो पार शेवटच्या टोकापर्यंत, अरिचल मुनैपर्यंत जातो. त्याआधी पुढे वाळूतून व्हॅनने हाडं खिळखिळी करत जावं लागायचं म्हणे. दोन्ही बाजूला समुद्र, एका बाजूचा अगदी तळ्यासारखा आणि दुसरा सारखा आपटणारा. अण्णांनी सांगितलं की इथले लोक शांत असतो त्याला बाई-समुद्र म्हणतात आणि दुसऱ्याला पुरुष-समुद्र. पोहायला उतरू नका, ओढ फार आहे, त्यांनी तीनदा बजावलं.

पण खरी मजा त्यांच्या बोलण्यात होती. त्यांचे आजोबा धनुष्कोडीचे. १९१४ पासून मद्रासहून बोट मेल नावाची ट्रेन यायची, इथे उतरून बोटीत बसायचं, समोर लंकेतल्या तलैमन्नारला उतरायचं आणि तिथून कोलंबोची ट्रेन, आणि हे सगळं एका तिकिटावर! इंग्रजांच्या डोक्यात आधी रेल्वेचा पूलच होता पण खर्च बघून बोटीवर भागवलं. मग १९६४ च्या डिसेंबरात, २२-२३ च्या रात्री वादळ आलं आणि पांबनहून येणारी पॅसेंजर माणसांसकट वाहून गेली, शंभरावर लोक होते त्यात. गाव संपलं. चर्चच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत, जवळ जाऊन हात लावून बघा, दगड समुद्रातल्या पोवळ्याचा आहे, भोकाभोकांचा आणि खरखरीत, आणि त्या भोकांत वाऱ्याने बसलेली वाळू बोटाला लागते. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. त्या वादळात मोडलेला, रामेश्वरचं बेट जमिनीला जोडणारा पांबनचा रेल्वे पूल ४६ दिवसांत दुरुस्त करणारे इंजिनियर म्हणजे ई. श्रीधरन, आपल्या कोकण रेल्वेवाले, हे मी अण्णांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की चहाचे पैसे आम्हाला देऊ देईनात. पांबनचा पूल उभा राहिला, पण पुढे धनुष्कोडीची लाईन मात्र परत झालीच नाही.

टोकाला अशोकस्तंभ आहे, तिथून लंका तीसेक किलोमीटर. मोबाईलवर तिकडच्या नेटवर्कचा मेसेज आला, नवरा तर फोन हातात धरून लहान पोरासारखा हसत होता. आपला अटल सेतू २१.८ किमी, म्हणजे इथून लंकेपर्यंत पूल बांधणं जमणारच नाही असं काही नाही. २००२ मध्ये लंकेच्या तेव्हाच्या पंतप्रधान रनिल विक्रमसिंघेंनी हा विषय काढला होता, २०१५ मध्ये गडकरींनी लोकसभेत पूल आणि बोगदा मिळून २४,००० कोटींचं सांगितलं, २०२३ च्या जुलैत दोन्ही सरकारांनी एकत्र निवेदन काढून अभ्यास करायचं ठरवलं. पूल व्हावा असं मलाही वाटतं, मनापासून. पण तो जाणार कुठून, तर याच उथळ वाळूच्या पट्ट्यांजवळून, ज्याला आपण रामसेतू म्हणतो, आणि बाजूला मन्नारच्या आखातातली ती २१ बेटं, पोवळी, समुद्रगायी. याच उथळ समुद्रातून जहाजांसाठी खोदायच्या सेतुसमुद्रम कालव्याचं काम २००५ ला सुरू होऊन कोर्टात अडकलं ते सगळ्यांना आठवत असेल. शिवाय इथल्या मच्छीमारांना लंकेची नेव्ही पकडते, हा रोजचा ताप वेगळाच.

अण्णांना विचारलं पूल पाहिजे का, तर म्हणाले पूल नातवंडं बघतील, आम्हाला आधी बोट द्या. मला हे शंभर टक्के पटलं. तलैमन्नारची रेल्वे लाईन २०१५ मध्ये भारताच्याच मदतीने परत सुरू झालीय, आपल्या बाजूला २०२५ मध्ये पांबनचा नवा पूल झाला, रामेश्वर-तलैमन्नार बोट परत सुरू करायचं २०२३ च्या त्याच निवेदनात लिहिलंय. दोन्हीकडे ट्रेन येऊन उभी आहे आणि मधलं पाणी तेवढं राहिलंय! आज बोटीने लंकेला जायचं तर नागपट्टिनम गाठा आणि तिथून जाफन्याकडच्या कांकेसंथुरैला जा, रामेश्वरहून काही नाही. बोटीला ना सेतूला हात लावावा लागत ना पोवळी फोडावी लागत, आणि रोज किती माणसं ये-जा करतात हे कळलं तर पुलाचा हिशोबही खरा मांडता येईल.

ट्रिपला माझ्याकडून ५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो टॉयलेटचा, टोकाला बायकांसाठी धड सोय नाही, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी रामेश्वरातूनच आवरून निघा. पाणी आणि टोपी जवळ ठेवा, सावली अजिबात नाही. संध्याकाळी गाड्या परत फिरवतात, त्यामुळे सकाळच बरी. येताना कोळ्यांच्या टपरीवर तळलेला मासा खाल्ला, एकदम ताजा. वाळूसाठी झाकणाची छोटी डबी न्या, आमच्याकडे नव्हती तर अण्णांनी डिकीतून स्वतःची रिकामी बाटली धुऊन दिली, सासूबाईंनी ती पदरात गुंडाळून थेट सोलापूरपर्यंत आणली. आता ती देवघरात आहे, दिवाळीनंतर काशीचं तिकीट काढलंय.