दाराच्या रबराला सिलिकॉन ग्रीस: ऑक्टोबर ते जुलै, दोन गाड्यांवरचा अनुभव

गाड्या दोन. एक पाच दारांची हॅचबॅक, पुण्यात सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते. दुसरी एसयूव्ही, रत्नागिरीत, पत्र्याच्या शेडखाली. दोन्हींची दाररबरं कंपनीतूनच आलेली, सात वर्षांची. ऑक्टोबरमध्ये पहिला हात दिला, आता जुलै संपत आलाय. म्हणजे थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि पाऊस हे तिन्ही यात येऊन गेलं. वापरलं ते असं: दारांच्या आणि डिकीच्या रबराला ट्यूबमधलं सिलिकॉन ग्रीस, काचेच्या चॅनलला कोरडा राहणारा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, आणि बाहेरच्या काळ्या प्लास्टिकला वॉटर-बेस्ड ड्रेसिंग, म्हणजे काळेपणा परत आणणारं द्रावण.

खराब रस्त्यावर दारांतून येणारी चरचर ग्रीसने पूर्ण गेली. उन्हात तापलेली गाडी उघडताना रबर दाराला चिकटून चर्रकन सुटायचं, तेही थांबलं. वाऱ्याचा आवाज किंचित कमी वाटतो, पण तेवढ्यासाठी कुणी ग्रीस आणू नये. आणि एसयूव्हीत मागच्या सीटपाशी कार्पेट ओलं व्हायचं, ते ग्रीसने अजिबात थांबलं नाही. त्याचं कारण वेगळंच निघालं, ते पुढे येईल.

आधी रबराविषयी, कारण सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात. हल्लीच्या गाड्यांची दाररबरं बहुतेक ईपीडीएम या कृत्रिम रबराची असतात. ऊन, ओझोन, पाणी, साबण हे सगळं ईपीडीएम वर्षानुवर्षं सोसतं. सोसत नाही ते खनिज तेल. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, साधं ग्रीस, पेट्रोलियम जेली, गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे या सगळ्यात खनिज तेलाचा अंश असतो आणि ते रबरात मुरतं. रबर फुगतं, मऊ पडतं, लांबीला वाढतं, मग पत्र्याच्या कडेवरची पकड सोडून लाटेसारखं उभं राहतं. यातली फसवी गोष्ट अशी की पहिले काही दिवस रबर काळंभोर, नव्यासारखं दिसतं. म्हणून माणूस पुन्हा लावतो.

वॉशिंग सेंटरला गाडी दिली की खालून डिझेल मारायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तो फवारा दारांच्या खालच्या रबरावर हमखास येतो. गाडी देतानाच ‘डिझेल नको’ असं स्पष्ट सांगा. टायर पॉलिशचा स्पंज तसाच दाराच्या रबरावर फिरवला जातो, तोही नको. चकचकीत, तेलकट टायर पॉलिश बहुतेक सॉल्व्हंटचं असतं.

खोबरेल तेल लावणारेही पुष्कळ आहेत. ते खनिज तेल नाही, त्यामुळे रबर तसं फुगवत नाही. पण ते 24 अंशांच्या आसपास थिजतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी रबरावर पांढुरका थर दिसतो. शिवाय ते खवट होतं आणि धूळ धरून ठेवतं. पोळीला लावा, रबराला नको.

सिलिकॉन ग्रीस म्हणजे सिलिकॉन तेल आणि ते घट्ट करायला घातलेली बारीक सिलिका. ईपीडीएमला ते चालतं, पाण्याने सहज धुऊन जात नाही, आणि उभ्या उन्हात पातळ होऊन ओघळत नाही. पाण्याच्या फिल्टरच्या ओ-रिंगला सर्व्हिसवाले लावतात ते याच जातीचं. विकत घेताना लेबलवर फक्त ‘सिलिकॉन’ एवढं वाचून भागत नाही. घटकांत पेट्रोलियम किंवा मिनरल ऑइल नाही ना, ते बघायचं. सिलिकॉनच्या नावाने विकले जाणारे काही स्प्रे खनिज तेलाचं मिश्रण असतात.

खरं काम सफाईचं आहे. पहिल्या वेळी एका गाडीला दीड तास लागला आणि त्यात ग्रीसची मिनिटं जेमतेम वीस. मागच्या दाराचा चाकाकडचा खालचा कोपरा बघा. तिथे रबर वळण घेतं आणि त्या घडीत चाकाने उडवलेला बारीक चिखल वाळून बसतो. बोट फिरवलं तर पॉलिशपेपरसारखं लागतं. समोर, दार जिथे टेकतं तिथल्या रंगावर एक मंद राखाडी रेघ उमटलेली असते. रबर मऊ आहे, ते रंग खात नाही. ही रेघ त्या कणांनी घासून पाडलेली असते. या घडीवर तसंच ग्रीस चोपडलं तर व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी ग्राइंडिंग पेस्ट तयार होते आणि रेघ आणखी खोल जाते.

एक लिटर पाण्यात 10 मिली साधा कार शाम्पू पुरतो. मायक्रोफायबरचं कापड पिळून रबरावर ओढत न्यायचं, घडी बोटाने उघडून आतून पुसायची, कोपऱ्यांना मऊ टूथब्रश. नंतर साध्या पाण्याचं कापड, मग कोरडं. पांढरं कापड घेतलं तर अंदाज येतो. पहिल्या पुसण्यात तपकिरी येतं ती धूळ. नंतर थोडं काळं येणं साहजिक आहे. पण चार वेळा धुऊन-पुसूनही कापड काळंकुट्ट होत असेल तर रबराचा वरचा थर सुटायला लागलाय, त्याला जोराने घासू नका. थिनर, पेट्रोल, टॉयलेट क्लीनर यातलं काहीच रबराच्या जवळ आणू नका. प्रेशर वॉशरचा नोझल रबरापासून किमान फूटभर लांब हवा आणि फवारा कडेवर तिरपा मारायचा नाही, तो ओठाखाली घुसून रबर उचकटतो.

पुसल्यावर दारं उघडी ठेवून सावलीत अर्धा तास वाळू द्यायची. ओल्या रबरावर ग्रीस बसत नाही, नुसतं सरकतं.

दर वीतभर अंतरावर तुरीच्या दाण्याएवढं ग्रीस ठेवायचं आणि दोन बोटांत रबर धरून ओढत पसरायचं. चार दारं आणि डिकी मिळून हॅचबॅकला साधारण 10 ग्रॅम लागलं. चौकटीवरच्या रबराशिवाय दारावर वेगळं रबर असेल तर तेही धरा, मग 15 ग्रॅम. पंधरा मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळं पुसून घ्यायचं, अगदी सगळं. बोट लावलं तर गुळगुळीत लागावं, पण बोटावर काही येऊ नये. पोकळ, फुग्यासारख्या रबराला ठरावीक अंतरावर बारीक भोकं दिसतील. दार लागताना आतली हवा त्यातून निघते. ती भोकं ग्रीसने बुजली तर दार लावताना फुग्यावर दाबल्यासारखं मागे येतं आणि जोर लावावा लागतो.

पुसून घेण्यावर एवढा भर द्यायचं कारण एसयूव्ही. पहिल्या वेळी तिच्यावर जाडसर थर राहू दिला होता. कोकणातली जांभ्याची लाल धूळ त्यावर बसली आणि दोन आठवड्यांत खालच्या रबरावर विटकरी रंगाची पेस्ट तयार झाली. गाडीतून उतरताना पँटच्या पायाला, साडीच्या काठाला डाग. सगळं शाम्पूने काढून पुन्हा पातळ हात दिला, त्यानंतर तक्रार नाही.

टिकतं किती? पुण्यात पहिला हात अकरा आठवडे चालला. मग गतिरोधकावरून जाताना मागच्या डाव्या दारातून बारीक चरचर परत आली. उन्हाळ्यात साधारण तेवढंच. पावसात रोज चिखल आणि आठवड्याला धुणं, त्यामुळे सात आठवडे. रत्नागिरीत दोन महिने धरून चालायला हरकत नाही.

काचेच्या चॅनलला मात्र हे ग्रीस कधीही लावू नका. काच ज्या खोबणीतून वरखाली होते तिथे रबरावर मखमलीसारखी लव असते. ग्रीस त्या लवेत बसतं, धूळ धरतं आणि काचेच्या दोन्ही कडांना तेलकट पट्टे उमटतात. काच हळू चढत असेल, किंवा ऑटो बटणावर वर जाऊन आपोआप खाली येत असेल, तर बऱ्याचदा मोटर ठीक असते. चॅनलमधलं घर्षण वाढल्याने मध्ये हात अडकलाय असं यंत्रणेला वाटतं. काच पूर्ण खाली करायची, प्लास्टिकच्या पातळ पट्टीला ओलसर कापड गुंडाळून खोबण दोन-तीनदा पुसायची, वाळू द्यायची. मग नळी लावून दोन्ही बाजूंना एकेक सेकंद पीटीएफई स्प्रे, दहा मिनिटं थांबून काच चार-पाच वेळा वरखाली. हॅचबॅकची चालकाकडची काच यानंतर सरळ, न अडखळता चढायला लागली आणि जुलैपर्यंत तशीच आहे.

स्प्रेचे तोटे सांगायलाच हवेत. तो उडतो. सिलिकॉन स्प्रेचा तुषार समोरच्या काचेवर बसला तर पावसात वायपर नुसता धूसर पट्टा ओढत राहतो, आणि तो काढायला भरपूर कष्ट पडतात. ब्रेक डिस्क, पेडल, पायदान यांच्या आसपास तर फवारायचंच नाही. शक्य तिथे आधी कापडावर मारून मग पुसा.

काचेच्या बुडाशी दाराबाहेर जी काळी पट्टी असते तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्या ओठात वाळूचा एक कण अडकला की काचेवर उभे ओरखडे पडतात. महिन्यातून एकदा जाड कार्डाला ओलं कापड गुंडाळून त्या फटीतून फिरवायचं. पैसे शून्य, फायदा सर्वांत मोठा.

आता ओल्या कार्पेटचं. त्या पट्टीतून थोडं पाणी दाराच्या आत जाणारच, तशीच रचना असते. ते दाराच्या खालच्या कडेला असलेल्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. एसयूव्हीच्या मागच्या दाराची भोकं लाल मातीने लिंपल्यासारखी बंद होती. पाणी आत साठून आतल्या प्लास्टिकच्या पडद्याच्या कडेतून केबिनमध्ये यायचं. प्लास्टिकच्या केबल टायने भोकं मोकळी केली, स्क्रूड्रायव्हर वापरला असता तर रंग खरवडून गंजाला आमंत्रण. मग काच वर ठेवून पट्टीवर तांब्याभर पाणी ओतलं, काही सेकंदांत खालून धार लागली. या पावसात आतापर्यंत कार्पेट कोरडं आहे. समोरच्या काचेभोवतीच्या रबराबद्दलही असाच गैरसमज असतो. आजची विंडशील्ड पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते, कडेचं रबर फक्त सजावटीचं. तिथून पाणी आलं तर ग्रीस लावून काही होत नाही, काच काढून पुन्हा चिकटवावी लागते. अॅम्बेसेडर, पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत मात्र काच रबरानेच धरलेली असते.

बाहेरच्या काळ्या प्लास्टिकचं ड्रेसिंग हा तिन्हींतला सर्वांत कमी समाधान देणारा भाग. स्पंजवर घेऊन लावायचं, दहा मिनिटांनी पुसायचं, पूर्ण हॅचबॅकला 25 ते 30 मिली. कोरड्या दिवसांत चार आठवडे रंग टिकला, जूनच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर दहा दिवसांत फिका. आधीच पांढरट पडलेला बंपर यानं कायमचा काळा होत नाही. हीटगनने काळा होतो, पण काही महिन्यांत परत पांढरा पडतो आणि हात चुकला तर प्लास्टिकची खडबडीत पोत वितळते. पॉलिशचे पांढरे डाग पेन्सिलच्या मऊ खोडरबराने निघतात, हे आवर्जून करून बघा.

जर्मनी किंवा कॅनडात गाडी असणाऱ्यांना या ग्रीसचा वेगळा उपयोग आहे. गोठण्याआधी लावलं तर रबर पाणी धरत नाही आणि बर्फाने दार चिकटत नाही.

डेंटिंग-पेंटिंगला गाडी देण्याआधी पेंटरला सिलिकॉन लावल्याचं सांगा. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पॅनल सिलिकॉन रिमूव्हरने पुसलं तर ते टळतं.

आणि चपटं झालेलं रबर कुठल्याही ग्रीसने परत फुगत नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडा अटकाव जाणवला पाहिजे, सहज निघाली तर तिथे रबर टेकत नाही. परिघावर दहा ठिकाणी करा. हॅचबॅकच्या चालकाच्या दारात वरच्या मागच्या कोपऱ्यात पट्टी सुळकन निघाली, म्हणून ते एक रबर बदललं. नवं बसवताना सांधा खाली, उंबरठ्याच्या मध्यावर ठेवायचा. तिथून सुरुवात करून तळहाताने दाबत जायचं, ओढून ताणायचं नाही. ताणलेलं रबर महिन्याभरात आखडतं आणि कोपरे सोडतं. थोडं जास्त वाटलं तरी कापू नका, लहान लहान लाटा करून दाबलं की मावतं. पहिले दोन-तीन आठवडे दार जोराने लावावं लागेल. तेवढ्यासाठी लॉकचा स्ट्रायकर (चौकटीवरची, लॉक जिच्यात अडकतं ती कडी) बाहेर सरकवून घेऊ नका, रबर दबून आपल्या मापाला आलं की दार पूर्वीसारखं लागतं.