पारदर्शक की गडद? घरच्या पूलसाठी सोलर कव्हर निवडताना

बबलचं सोलर कव्हर (पाण्यावर पसरायचं, हवेचे फुगे असलेलं प्लास्टिक) घ्यायचं ठरलं की पुढचा प्रश्न रंगाचा. आरपार दिसणारं फिकट निळं, की उजेड आत न सोडणारं गडद? दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि दोन्हींचे बबल खालीच हवेत (उलटं घातलेलं कव्हर अजूनही बघायला मिळतं). बाष्पीभवन दोन्ही जवळपास सारखंच अडवतात. ८ बाय ४ मीटरच्या टँकमधून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तर ते १६० लिटर होतं. ते वाचवण्यात रंगाचा काही हात नाही.

ऊब मात्र वेगळी. पारदर्शक कव्हरमधून ऊन थेट पाण्यात उतरतं. गडद कव्हर आधी स्वतः तापतं, वरचं चार बोटं पाणी तापवतं आणि बरीच उष्णता वाऱ्यावर घालवतं. म्हणून गडद असेल तर पंप रात्री न चालवता दुपारी ११ ते ४ चालवावा. नाहीतर वर कोमट आणि गुडघ्याखाली गार. फक्त उबेचं बोलायचं तर पारदर्शक सरस.

पण हे कोल्हापूर आहे. ऊब हवी असते डिसेंबर-जानेवारीत, आणि नेमका तेव्हाच गळीत हंगाम भरात असतो. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कुठेही असा, कारखान्याच्या बाजूनं वारा फिरला की बगॅसची, म्हणजे जळलेल्या उसाच्या चोथ्याची, काजळी आलीच. त्यात कुणी पाचट पेटवलेलं असतं. रात्री काळी भुरभुर पडते, पहाटे दव पडतं आणि सकाळी कव्हरवर लगदा. पारदर्शक कव्हर असं काळवंडलं की ज्या उन्हासाठी ते घेतलं तेच आत शिरत नाही. गडद कव्हर काळवंडून काळवंडणार किती!

धुणं दोन्हींना चुकत नाही. काजळीसकट गुंडाळलं तर ती बबलांच्या खाचांत बसते आणि पुढच्या वेळी पाण्यात सुटते. आठवड्यातून एकदा पूर्ण कव्हर फरशीवर पसरा, भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी आणि मऊ ब्रश वापरा, मग भरपूर पाणी. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, बबलची पातळ पापुद्र्यासारखी बाजू सुटते आणि तिचे तुकडे स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या) जाळीत अडकतात.

माझं पारडं फिरवलं ते शेवाळानं. उजेड, ऊब आणि उतरलेलं क्लोरीन एकत्र आलं की ते धरतंच, आणि पारदर्शक कव्हरखाली पहिल्या दोन गोष्टी आयत्या मिळतात. सुरुवात पायरीच्या आतल्या कोपऱ्यात आणि शिडीमागच्या टाइल्सवर होते, जिथे ब्रश नीट पोचत नाही. हिरवं दिसण्याआधी हाताला बुळबुळीत लागतं. क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम) आणि पीएच ७.२ ते ७.६ रोज राखणाऱ्याला हे कदाचित कधी दिसणारही नाही. पण पूल आठवडाभर झाकलेला आणि माणूस फक्त शनिवारी येणार, तिथे दिसतं.

मग शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, द्यावा लागतो आणि खरी कटकट इथे आहे. शॉकच्या वेळी कव्हर बाहेर हवं, क्लोरीन ३-४ पीपीएमखाली येईपर्यंत परत घालायचं नाही, नाहीतर प्लास्टिक ठिसूळ होतं. आणि हंगामात पूल रात्रभर उघडा म्हणजे काजळी थेट पाण्यात, पाणपातळीच्या टाइल्सवर काळी रेघ. शेवाळ काढायला कव्हर काढा, कव्हर काढलं म्हणून काजळी काढा. गडद कव्हरखाली उजेडच नसल्यानं हा फेरा निदान माझ्या मते बराच कमी होतो. थोडी ऊब सोडून मी तेच पसंत केलं, ५०० मायक्रॉन जाडीमध्ये.

तरी घरात लहान मुलं असतील तर पुन्हा विचार करा. गडद कव्हरखाली तळ दिसत नाही. कुठलंच सोलर कव्हर माणसाचं काय, कुत्र्याचंही वजन पेलत नाही. पोहायला उतरताना अर्धं नाही, पूर्ण काढायचं. नागाळा पार्कातल्या बंगल्यात, रोज पोहणारी माणसं आणि रोज टेस्ट किट उघडणारा कुणीतरी असेल, तर पारदर्शक घेतलं म्हणून मी नावं ठेवणार नाही. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या शनिवार-रविवारच्या फार्महाऊसवर मात्र गडदच.

रंग कुठलाही असो, तीन ठिकाणी कव्हर वाया जातं. एक, क्लोरीनच्या गोळ्यांचा तरंगता डबा खाली तसाच राहिला तर एकाच जागी थांबून तिथलं प्लास्टिक खातो. दुसरं, कडा काठाच्या दगडावर चढवून ठेवल्या तर वळिवाचा वारा तिथूनच उचलतो. नवं कव्हर काही दिवस पाण्यावर पसरून घड्या मोडू द्या, मगच कड पाण्यावर टेकेल असं कापा. तिसरं, गुंडाळलेलं कव्हर उन्हात उघडं ठेवलं तर थरांमध्ये उष्णता कोंडून बबल सुटतात. रोलरवर पांढरी चादर टाका, गडद कव्हरला तर नक्की.

जूनमध्ये मोठा पाऊस लागण्याआधी काढून, धुऊन, दोन्ही बाजू सुकवून सावलीत सैल गुंडाळी करा. जमिनीवर नको, फळीवर ठेवा. गोदामातल्या उंदरांना बबल फार आवडतात.