मोसिन-नागाँ ९१/३० (जुनी सोव्हिएत रायफल): संग्रहासाठी घेताना

लाकडाच्या चकाकीला भुलू नका. ती बहुधा युद्धानंतरच्या सोव्हिएत दुरुस्तीतल्या शेलॅकची (लाखेच्या रोगणाची) असते. आधी नळी, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा), मॅगझीनची तळपट्टी आणि दस्त्यामागची लोखंडी पट्टी यांवरचे क्रमांक जुळवा. जुना आकडा खोडून नवा टाकलेला, किंवा चौकोनात तिरकी रेघ असा शिक्का दिसला, तर रायफल लष्करी दुरुस्ती डेपोत पुन्हा जोडलेली आहे. नेमबाजीला छान, संग्रहाला मध्यम. चौकटीतलं ‘एसए’ म्हणजे फिनिश सैन्याची मालकी. तिथे जास्त पैसे मोजणं रास्त. ‘स्नायपर’ म्हणून विकत असतील तर रिसीव्हरची (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) डावी बाजू तपासा: दुर्बीण बसवण्यासाठीची जुनी, बुजवलेली भोकं खऱ्या स्नायपरची खूण असू शकते, ताजी भोकं मात्र बनावटीचा संशय वाढवतात. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधले (दारू पेटवणाऱ्या टोपीतले) क्षार नळी गंजवतात, म्हणून आत उजेड टाकून बघा. आणि कृपया लाकूड घासू नका; मूळ शिक्के गेले की मोल गेलं.