सांगलीच्या हॉलमध्ये सराऊंड: साऊंडबार, दोन स्पीकर की पाच?

मोठा टीव्ही घेतला की पुढचा प्रश्न आवाजाचा येतो, आणि दुकानात त्याचं उत्तर ठरलेलं असतं: साऊंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी. सिनेमा आणि मॅचपुरतं बघायचं तर त्यात वावगं काही नाही. पण ज्याला गाणं ऐकायचंय, तेही चारी बाजूंनी, म्हणजे सराऊंडमध्ये, त्याने पैसे मोजण्याआधी जरा थांबावं. गाण्याचा हिशोब सिनेमापेक्षा वेगळा निघतो.

आधी घरात वाजतं काय ते बघा. नाट्यसंगीत, भावगीतं, जुन्या मैफली हेच मुख्य असेल तर सराऊंडसाठी मिक्स केलेलं त्यात जवळजवळ काही नाही. मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तबकड्या मोनो, म्हणजे आवाजाचा एकच प्रवाह, एका बाजूला तीनेक मिनिटं. असं मोनो गाणं रिसीव्हरच्या (वेगवेगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) सराऊंड मोडमध्ये लावलं, की डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलवर सारखाच असलेला आवाज तो उचलतो आणि मधल्या सेंटर स्पीकरमध्ये नेऊन ठेवतो. म्हणजे पैसे पाच स्पीकरचे, आणि खाँसाहेब गातात टीव्हीखालच्या एका डब्यातून, जो बहुतेक सेटमध्ये मुख्य दोघांपेक्षा लहानच असतो. अशा वेळी रिमोटवरचं स्टिरिओचं बटण दाबायचं आणि पुढच्या दोघांना गाऊ द्यायचं.

नवं सिनेसंगीत, पाश्चात्त्य पॉप-रॉक, ऑर्केस्ट्रा ऐकत असाल तर गोष्ट वेगळी. चार स्पीकरची क्वाड्राफोनिक पद्धत १९७० च्या दशकातच आली होती, पण एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रकारांच्या भांडणात ती बुडाली. पुढे एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सराऊंड गाण्यांच्या डिस्क आल्या. त्यांना खास प्लेअर लागतो आणि डिस्क परदेशातून मागवाव्या लागतात. जून २०२१ पासून ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉसमधली (चारी बाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी पद्धत) गाणी आली आणि ही कटकट संपली. स्पॉटिफायवर मात्र ॲटमॉस नाही, त्यामुळे वर्गणी कशाची भरता यावर अर्धा निर्णय ठरतो.

हा प्रकार आपल्याला आवडतो की नाही हेच माहीत नसेल, तर पहिला खर्च हेडफोनचा करा. ॲटमॉस गाण्याला कुठलाही बरा हेडफोन चालतो. बाजूचं आणि मागचं त्यात बऱ्यापैकी जमतं. समोरचा गायक मात्र समोर न जाता डोक्यातच बसून राहतो. आणि घरातल्या बाकीच्यांना त्याचा उपयोग शून्य.

आता खरी लढत: साऊंडबार की रिसीव्हरला जोडलेले वेगळे स्पीकर. साऊंडबारमध्ये दोन जाती आहेत. एकटी पट्टी असते ती बाजूच्या भिंतींवर आवाज आपटवून सराऊंडचा भास करते. आपल्याकडच्या बहुतेक हॉलला एका बाजूला भिंत असते आणि दुसरीकडे जेवणाच्या जागेकडे जाणारी मोकळीक, त्यामुळे तिकडचा आवाज थेट स्वयंपाकघरात जातो. मागे ठेवायचे वेगळे स्पीकर देणारा साऊंडबार त्यापेक्षा कितीतरी बरा. छताकडे तोंड करून ‘वरून’ आवाज देणाऱ्या स्पीकरला सपाट आणि टणक छत लागतं, साडेसात ते चौदा फुटांच्या दरम्यान. स्लॅबच्या घरात ते चालतं. कौलारू घरात किंवा पत्र्याखाली पेटीवर ॲटमॉस कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं तरी वरून काही येणार नाही.

दुकानातला डेमो बहुतेक वेळा स्फोटांचा आणि गाड्यांचा असतो. मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखा बास छातीवर आदळला की माणूस खूश होतो आणि कार्ड पुढे करतो. त्यापेक्षा एक करा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन जुळवलेला तंबोरा जवळून ऐका (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेवढ्या निमित्ताने का होईना). खर्जाची तार छेडली की जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार हलकी घासून उठणाऱ्या झणकारामुळे, वरचे स्वर त्यातून एकेक करून बाहेर पडतात. तो आवाज कानात ठेवायचा आणि तंबोऱ्यावर सुरू होणारं एखादं मैफलीचं रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन दुकान गाठायचं. साऊंडबारच्या पट्टीत बोटभर मापाचे स्पीकर असतात. त्यांना खालचा आवाज पेलत नाही, म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये तो १५० हर्ट्झच्या आसपासच, कधी त्याहूनही वर, सबवूफरकडे (फक्त बासचा वेगळा डबा) ढकलला जातो. परिणाम असा की खर्ज कोपऱ्यातल्या डब्यातून येतो आणि जवारी टीव्हीखालून. एकच तंबोरा दोन ठिकाणी वाजत असल्यासारखा वाटतो. सव्वापाच-साडेसहा इंची वूफरच्या (खालचा आवाज देणारा भाग) बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या, स्पीकरांवर तो एका जागी राहतो. तिथे सबवूफर जोडला तरी ही सीमा ८० हर्ट्झला ठेवता येते, आणि त्याखालच्या आवाजाची दिशा कानाला जवळजवळ कळत नाही. गाण्यासाठी माझं मत रिसीव्हरच्या बाजूने पडतं ते मुख्यतः यामुळे.

रिसीव्हरची किंमत पैशांत आणि घरच्यांच्या नाराजीत मोजावी लागते. पाच स्पीकर, पाच वायरी, त्यातल्या दोन हॉल ओलांडून जाणार. वायरीवर पैसे उधळू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची अडीच एमएमची वायर पुरते. प्लसला प्लस लागलंय ना तेवढं बघा, दोनपैकी एक जरी उलटं लागलं तरी बास गायब होतो. पेटीवरचे वॅट बहुधा दोनच चॅनल चालू असतानाचे असतात, तेव्हा त्या आकड्यावर भाळू नका.

मांडणीत पुढचे दोन स्पीकर समोरच्या मध्यरेषेपासून ३०-३० अंशांवर आणि सराऊंड साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. दिवाण भिंतीला टेकलेला असेल, जो आपल्याकडे असतोच, तर ७.१ च्या, म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर यांच्या, फंदात पडू नका. पाठीमागच्या जोडीला जागाच उरत नाही. ५.१ चे (पाच स्पीकर, एक सबवूफर) सराऊंड मात्र दिवाणाच्या दोन्ही अंगांना छान बसतात. रिसीव्हरबरोबर येणारा माइक बसायच्या जागी ठेवला की यंत्र अंतरं स्वतः मोजतं. एक मीटरचा फरक म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, तेवढा उशीर ते जुळवून घेतं. फरशीवर सतरंजी अंथरा. उघड्या फरशीच्या रिकाम्या खोलीत भारी स्पीकरही कर्कश वाटतात.

नीट जमलेल्या ५.१ वर थेट मैफलीचं सराऊंड रेकॉर्डिंग लावलं की गाणारा समोर राहतो, सभागृहाचा घुमारा बाजूला पसरतो आणि दाद मागून येते. मागच्या साऊंडबार-स्पीकरमधूनही दाद येते, पण टाळ्या पातळ, कुरकुरीत वाटतात.

जोडणी करताना टीव्हीचं एआरसी लिहिलेलं एचडीएमआय (टीव्हीतला आवाज रिसीव्हरला पाठवणारं) वापरा. ऑप्टिकल वायरीतून ॲटमॉस जात नाही. गाण्यासाठी ॲपल टीव्ही ४के हा डबा थेट रिसीव्हरला जोडणं सगळ्यात सरळ.

एक मुद्दा कुठल्याच कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या तळमजल्यावर राहत असाल, तर २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्यावर गेली की सामान वर हलवायची घाई सुरू होते. साऊंडबार एक माणूस काखेत घालून जिना चढतो. रिसीव्हर, पाच स्पीकर आणि जड सबवूफर सोडवायला, वर न्यायला वेळही लागतो आणि माणसंही. तिथे मी रिसीव्हर सुचवणार नाही. मागचे स्पीकर देणारा साऊंडबार, नाहीतर आत ॲम्प्लिफायर असलेली स्पीकरची जोडी घ्या. विश्रामबागेच्या बाजूला फ्लॅट असेल तर पुराची भीती कमी, पण खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करावा लागतो. सबवूफर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबला की बास फुगतो आणि स्लॅबमधून खाली उतरतो.

पैशांचं म्हणाल तर ढोबळमानाने ३० हजारांच्या आत असाल तर हेडफोन आणि साधा स्टिरिओ. ५०-६० हजारांत चांगली स्टिरिओ जोडी मिळते, आणि जुनंच गाणं ऐकणाऱ्याने तिथेच थांबावं. ८० हजार ते लाखाच्या घरात जायची तयारी असेल तर सगळा संच एका पेटीत घेण्याऐवजी ॲटमॉस चालणारा रिसीव्हर आणि दोन उत्तम बुकशेल्फ आधी घ्या. स्वस्तातले ५.१ रिसीव्हर ॲटमॉस उलगडत नाहीत, ते तपासूनच घ्या. सराऊंडची जोडी दिवाळीला आणली तरी चालते, सबवूफर त्यानंतर. सेंटर सगळ्यात शेवटी घ्या: तो नाही असं सेटिंगमध्ये नोंदवलं की रिसीव्हर मधला आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो, आणि बरोबर मध्ये बसणाऱ्याला गायक मध्येच ऐकू येतो.