नळाला लावायचा फिल्टर: पाणी झकास, आटे कच्चे

सव्वातीन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला तीन फिल्टर लागून झालेत. पहिला चौदा महिन्यांत गेला, दुसरा पाचच महिन्यांत, तिसऱ्याला आता वीस महिने होतायत आणि तो अजून चालतोय (हे टाईप करता करता उठून बघून आले, कोरडा आहे). ऑनलाईन याचे रिव्ह्यू वाचले तर निम्मे लोक पहिल्याच आठवड्यात 'चव एकदम मस्त, पाच स्टार' लिहून मोकळे होतात. अहो चव पहिल्या आठवड्यात सगळ्यांचीच मस्त असते, दहाव्या महिन्यात ओट्यावर तळं साचतं का ते सांगा ना कोणीतरी. म्हणून हे लिहितेय. आमचे दोन्ही गेले ते नळाला जोडतात त्या कॉलरपाशी नाहीतर झाकणाच्या आट्यांपाशी. कार्ट्रिज (आतली पाणी गाळणारी डबी) बिचारं शेवटपर्यंत आपलं काम करत होतं.

पहिला होता तो चकचकीत, क्रोमसारखा दिसणारा, बाजूला दंडगोल कार्ट्रिज, साधं पाणी की गाळलेलं ते निवडायचा खटका आणि पुढे एक छोटा दिवा. दिसायला स्टीलचा, पण तो नुसता मुलामा हं, आत सगळं प्लॅस्टिक. बसवायचा म्हणजे नळाच्या तोंडाची जाळी काढायची आणि तिथे याची कॉलर फिरवायची, दोन मिनिटांचं काम असं खोक्यावर लिहिलेलं. आमचे गेले दोन तास. कारण आटे. नळाच्या तोंडाला आटे बाहेरून असतील तर साधारण 22 मिलिमीटर आणि आतून असतील तर 24, हे मेट्रिक माप झालं, पण अमेरिकन मापाचे ॲडाप्टर 55/64 आणि 15/16 इंची असतात, म्हणजे तेही जवळपास तेवढेच, फक्त आट्यांमधलं अंतर किंचित वेगळं. त्यामुळे होतं काय की चुकीचा ॲडाप्टर दीड-दोन फेरे आरामात जातो आणि मग अडकतो, आपल्याला वाटतं घट्ट बसला. नवऱ्याला पण तसंच वाटलं. त्यावर त्याने पक्कड लावली! हाताने घट्ट करायच्या प्लॅस्टिकला पक्कड लावली की ते त्या दिवशी काही बोलत नाही, वर्षभराने बोलतं.

खोक्यात चार-पाच ॲडाप्टर आणि वायसरांची पुडी असते ती फेकू नका. आणि तोंड ओढून शॉवरसारखं बाहेर काढता येतं तसा नळ असेल तर हा प्रकार विसरा, बसत नाही, कसाबसा बसवला तरी वजनाने लोंबकळतो.

चौदाव्या महिन्यात कॉलरला केसाएवढी चीर गेली. मजा म्हणजे साधं पाणी सोडलं की काही नाही, खटका फिल्टरवर टाकला की वरून बारीक फवारा, थेट अंगावर. सासूबाई म्हणाल्या नळच खराब झालाय, मलाही आधी तेच वाटलं. मग लक्षात आलं की नळाचं तोंड एरवी उघडं असतं, पाणी सुसाट बाहेर पडतं, तिथे दाब असा उरतच नाही. फिल्टर चालू केला की पाण्याला कार्ट्रिजमधल्या कार्बनमधून (म्हणजे कोळशातून) वाट काढावी लागते, ते मागे तुंबतं, आणि पाईपातला दाब त्या कॉलरवर येतो. दिवसातून वीसवेळा खटका या बाजूला, वीसवेळा त्या बाजूला, वर पाण्याने भरलेल्या कार्ट्रिजचं एका बाजूला लोंबणारं वजन. प्लॅस्टिक थकणारच. कार्ट्रिज जुनं होऊन चोंदलं की हा दाब आणखी वाढतो, म्हणजे जे लोक 'चालतंय तोवर चालवू' म्हणत तेच कार्ट्रिज सहा महिने ताणतात ते पैसे वाचवायच्या नादात सगळी बॉडी घालवतात. (मी पण ताणलं होतं, चार महिने. लपवत नाही.)

वेगाचं सांगते कारण ते कोणी नीट सांगत नाही. असे फिल्टर साधारण मिनिटाला दोन लिटर देतात, म्हणजे एक लिटरची बाटली अर्ध्या मिनिटात. मी दर महिन्याला मोबाईलवर वेळ लावून भरते, नवीन असताना 31 सेकंद, दोन महिन्यांनी 50 च्या आसपास, आणि एकदा मिनिटाच्या वर गेलं तेव्हा बदललंच. वेग अचानक वाढला तर मात्र खूश होऊ नका, पाणी कार्बनला चुकवून कुठून तरी बाजूने जात असेल, बहुतेक कार्ट्रिजची रिंग सरकलेली असते.

आणि तो दिवा. हिरवा, पिवळा, लाल. काहींमधे आत छोटी चकती असते ती वाहिलेलं पाणी मोजते, काहींमधे नुसतं घड्याळ, तुम्ही दहा लिटर वापरा की हजार, ठरलेल्या दिवशी लाल. दोन्हींपैकी एकालाही पाण्यात काय आहे ते कळत नाही, हे डोक्यात ठेवा. बरं, आत बटण-सेल असतो तो बऱ्याचवेळा बदलताच येत नाही, माझ्या आताच्या फिल्टरचा दिवा सोळाव्या महिन्यात मेला. आता कार्ट्रिजवरच मार्करने तारीख लिहिते. नेहमीच्या कार्ट्रिजची क्षमता 100 गॅलन म्हणजे सुमारे 378 लिटर असते आणि सोबत 'दोन ते तीन महिने' लिहिलेलं असतं. आमच्याकडे प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून दिवसाला बारा लिटर धरा, म्हणजे एका महिन्यातच ते संपलं की हो! तेव्हा महिन्यांवर जाऊ नका, लिटरवर जा. भाज्या धुवायला, भांड्यांना साधंच पाणी वापरा, खटका त्यासाठीच आहे.

तसा दिवा बिनकामाचा नाही म्हणा. एनएसएफ या अमेरिकन संस्थेच्या (ती फिल्टरची मानकं ठरवते) 53 क्रमांकाच्या स्टँडर्डमधे क्षमता मोजणारी खूण (असा दिवा वगैरे) असलेला फिल्टर त्याच्या क्षमतेच्या 120 टक्क्यांपर्यंत तपासतात आणि अशी खूण नसेल तर थेट 200 टक्क्यांपर्यंत, कारण खूण नसली की माणूस वेळेवर बदलणार नाही हे त्यांनी गृहीतच धरलंय. आमच्या घरी कॅमेरा लावून ठरवलं असावं असं वाटतं.

आता त्या सर्टिफिकेटचं बघा, कारण खोक्यावर सगळ्यात जास्त गंडवागंडवी तिथेच. स्टँडर्ड 42 म्हणजे चव, वास, क्लोरीन, एवढंच. 53 म्हणजे आरोग्याशी संबंधित गोष्टी, शिसं, काही परजीवींच्या सिस्ट (कवचातली अवस्था) वगैरे. 401 मधे औषधांचे अंश आणि तसली नव्याने लक्षात आलेली रसायनं. पण 53 लिहिलंय म्हणजे त्यातलं सगळंच गाळतो असं नाही, कुठल्या पदार्थासाठी सर्टिफाय झालाय ती यादी बघायची, शिसं हवं असेल तर यादीत शिसं दिसलं पाहिजे. आणि 'त्या स्टँडर्डनुसार टेस्टेड' अशी गोलमोल वाक्यं असतात, टेस्ट कोणी केली ते गुलदस्त्यात, ते सर्टिफाय झालेलं नव्हे. शिशासाठीच्या चाचणीत 150 पीपीबी (अब्ज भागांत 150 भाग) शिसं असलेलं पाणी सोडतात आणि बाहेर येताना ते 5 च्या वर चालत नाही, 2019 आधी हीच मर्यादा 10 होती. अमेरिकेत फ्लिंट शहरामधे नळाच्या पाण्यात शिसं आलं तेव्हा लोकांना असेच नळावरचे फिल्टर वाटले होते, काही घरांत शिसं 150 च्याही वर होतं म्हणून शंका निघाली, मग 2016 मधे तिथल्या पर्यावरण खात्याने घरोघरीचं गाळलेलं पाणी तपासलं आणि फिल्टर पुरे पडतायत असं निघालं. म्हणजे हे खेळणं नाहीये, चांगला असेल तर खरंच काम करतो.

पण टीडीएस मीटर बुडवून 'काहीच फरक नाही, फसवलं' म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. कार्बन विरघळलेले क्षार काढतच नाही, मीटर आधी 240 दाखवत असेल तर नंतरही तेवढंच दाखवणार, त्याला आरओ लागतो. कार्बनचं काम क्लोरीनचं, वासाचं, काही सेंद्रिय रसायनांचं. पाणी जड असेल, भांड्यांवर पांढरे डाग पडत असतील तर ते डाग तसेच पडणार. आणि मुख्य म्हणजे नुसता कार्बन जंतू मारत नाही. उलट क्लोरीन काढून टाकल्यावर आत ओलसर अंधारात जंतूंची चैनच, म्हणून मुळात शुद्ध करून न आलेल्या पाण्याला, विहिरीच्या-बोअरच्या वगैरे, यावर भरोसा ठेवू नका. गाळलेलं पाणीही दिवसच्या दिवस भरून ठेवू नका. आम्ही आठ-दहा दिवस बाहेर राहून आलो तर दोन-तीन मिनिटं पाणी नुसतं सोडून देतो, रोज सकाळीही थोडं सोडते. नवीन कार्ट्रिज घातलं की पाच मिनिटं, पहिलं पाणी काळपट येतं ते कार्बनची भुकटी, घाबरायचं कारण नाही. सुरुवातीला फुसफुस आवाज आणि दुधाळ पाणी येतं ती हवा.

गरम पाणी मात्र चुकूनही फिल्टरमधून नाही. बहुतेकांची मर्यादा 38 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्याहून गरम गेलं तर कार्बनने धरून ठेवलेलं परत सुटू शकतं आणि प्लॅस्टिकचे आटे वाकडे होतात ते वेगळंच. एकाच तोटीतून गरम-गार येत असेल तर घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, आमच्या धाकटीने दोनदा केलंय.

दुसऱ्या फिल्टरवर फार शब्द घालवत नाही. पारदर्शक भांडं, आत पांढरी सिरॅमिकची कांडी, गाळ दिसतो म्हणून भारी वाटतं. गाळ चांगला अडवतो हे खरं, पण कांडी सारखी चोंदते, दर आठवड्याला उघडून घासा, घासून घासून ती बारीक होते, हातातून निसटून बारीकशी चीर गेली तर गाळणं संपलं, पाणी चिरेतून सरळ जातं. आणि दर आठवड्याला उघडमीट केल्याने झाकणाचे प्लॅस्टिकचे आटे पाचव्या महिन्यात गेले. झाकण नुसतं गोल गोल फिरत होतं. मी त्याला टेफ्लॉन टेप गुंडाळून तीन आठवडे चालवला, मग कंटाळून काढला. पाणी गढूळ येत असेल तरच याच्या वाटेला जा.

तिसरा घेताना दिवा, रंग, 'सात स्टेज' वगैरे काही बघितलं नाही. ॲडाप्टर पितळेचा आहे का, कॉलर धातूची आहे का, आणि रिंग-वायसर सुटे मिळतात का, एवढंच विचारलं. स्टेजा म्हणजे बऱ्याचदा एकाच डबीत जाळी, कापूस आणि कार्बनचे थर, प्रत्येकाला एक नंबर. हा दिसायला ओबडधोबड आहे, खटका कडक आहे, सासूबाईंना दोन हातांनी फिरवावा लागतो याचा एक गुण कापते. पण बॉडी प्लॅस्टिकची असूनही जोड धातूचा असल्यामुळे वीस महिन्यांत कॉलरपाशी एक थेंब नाही. एकदा खटक्याच्या दांड्यातून पाझर सुरू झाला होता, आतली ओ-रिंग सुकलेली, ती बदलून फूड-ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावलं, बंद झाला. तिथे व्हॅसलीन लावू नका, बऱ्याच रबरांना ते फुगवतं. तोंडाशी पांढरे क्षार साचले की कॉलर काढून व्हिनेगरमधे अर्धा तास, कार्ट्रिज बाजूला काढून ठेवून अर्थातच.

गुण द्यायचे तर पहिला पाचपैकी दोन, दुसरा दीड, तिसरा चार. पक्कड मी आता वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवलीय.