बॅनरलॉर्डमध्ये मर्सिनरी राहावं की सरदारकी घ्यावी?

माउंट अँड ब्लेड २: बॅनरलॉर्ड या मध्ययुगीन लढायांच्या व्हिडिओ गेममध्ये तुमच्या क्लॅनचा (घराण्याचा) टियर, म्हणजे दर्जा, १ झाला की मर्सिनरी (भाडोत्री सेनानी) होता येतं आणि टियर २ झाला की व्हॅसल (राजाचा शपथबद्ध सरदार). पहिल्याला ५० रिनाउन (कीर्तीचे गुण) लागतो, दुसऱ्याला १५०. हे अंतर लुटारूंच्या टोळ्या झोडपत आणि दोनचार टूर्नामेंट जिंकत नकळत पार होतं. त्यामुळे बरेच जण भाडोत्री चाकरी जेमतेम चाखून थेट राजापुढे गुडघा टेकतात. जहागीर मिळेल, किल्ल्यावर आपला झेंडा लागेल, ही हौस असतेच. माझा सल्ला उलटा आहे: टियर २ झाला म्हणून शपथ घेऊ नका. शिबंदीचा पगार जहागिरीबाहेरच्या कमाईतून भागवता येत असेल, तेव्हाच सरदारकीचा विचार करा.

आधी मर्सिनरीचा हिशेब. करार होताना एका इन्फ्लुअन्सला (राज्यातल्या वजनाच्या गुणाला) किती डिनार (गेममधलं चलन) ते ठरतं. लढाई जिंकलात, शत्रूचं गाव जाळलंत की इन्फ्लुअन्स मिळतो, आणि तो रोज थोडाथोडा वितळून डिनारच्या रूपात हातात येतो. वर लूट आणि कैद्यांचे पैसे वेगळे. सुरुवातीच्या काळात याच्याइतकी सरळ कमाई गेममध्ये थोड्याच ठिकाणी आहे. (लोहारकामात तलवारी घडवून विकणारे हसतील, पण दिवसभर भट्टीसमोर बसायला मी हा गेम घेतला नव्हता.) मेख एकच, लढाई नाही तर दाम नाही. तह झालेल्या राज्याशी करार करणं म्हणजे फुकटचं नाव लावून घेणं. म्हणून करार करण्याआधी ते राज्य कोणाशी लढतंय आणि तो शत्रू किती जवळ आहे, हे पाहा. अर्धा नकाशा तुडवून रणांगण गाठायचं असेल तर वाटेतच सैन्याचा पगार आणि धान्य कमाई खाऊन टाकतं.

मर्सिनरीला जे मिळत नाही तेही आधीच समजून घ्या. तुम्ही एकट्यानं किल्ला सर केलात तरी तो तुमचा होत नाही, तो सरदारांच्या मतदानात जातो आणि तुम्हाला त्या मतदानात जागाच नसते. आर्मी, म्हणजे अनेक सरदारांच्या तुकड्यांची एकत्र फौज, उभी करता येत नाही, दुसऱ्याच्या आर्मीत सामील व्हायचं आणि तो नेईल तिकडे जायचं. कॉम्प्युटरचा सरदार वेढा अर्धवट सोडून एखाद्या जळत्या गावाकडे का धावतो, याचं उत्तर कोणाकडेच नाही.

सरदारकीची खरी किंमत इथेच आहे. व्हॅसलचा इन्फ्लुअन्स वितळत नाही, साठतो. तो खर्चून इतर सरदारांना आर्मीत बोलावता येतं, युद्ध किंवा तहाचा प्रस्ताव मांडता येतो, कायद्यांवर मत देता येतं. शिवाय तुमच्याच क्लॅनच्या तुकड्यांना आर्मीत बोलवायला काहीच इन्फ्लुअन्स लागत नाही, ही सोय फार कमी जण वापरतात. दोनतीन साथीदारांच्या हाताखाली तुकड्या उभ्या केल्यात की घरचीच छोटी फौज तयार होते आणि कोणाच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत नाहीत. वेढा कुठे घालायचा हे स्वतः ठरवण्यात जी मजा आहे, ती भाडोत्री चाकरीत कधीच नाही.

आता जहागीर. सगळे फसतात ते इथेच. टाउन मिळालं तर कर आणि बाजारातल्या जकातीवर ते स्वतःचं पोट भरतं. पण नव्या सरदाराच्या वाट्याला बहुधा कॅसल येतो, आणि तोही सरहद्दीवरचा, कारण जिंकलेलं तेच वाटायला असतं. कॅसलचं उत्पन्न टाउनपेक्षा बरंच कमी. शिबंदी भक्कम ठेवली तर पगारात सगळं जातं आणि वरून खिशातले डिनार घालावे लागतात. शिबंदी कमी ठेवली तर पुढच्याच महिन्यात शत्रू वेढा घालून बसतो. त्यात संस्कृतीचा घोळ. व्हलँडिया या राज्याच्या माणसाला अझेराई या दुसऱ्या राज्याचं टाउन मिळालं की मालकाची संस्कृती वेगळी म्हणून निष्ठा रोज घसरते, आणि ती फार खाली गेली की बंड होतं. तिथल्याच संस्कृतीचा गव्हर्नर नेमून थोडं सावरता येतं, पूर्ण नाही. एम्पायर संस्कृतीच्या पात्राला शिबंदीला पगार कमी द्यावा लागतो, त्यामुळे सरदारकी लवकर घ्यायचीच असेल तर ते पात्र सोयीचं.

जमीन म्हणजे ओझं, हे काही गेम बनवणाऱ्यांचं कुभांड नाही. चौदाव्या शतकात इटलीत गाजलेला इंग्रज भाडोत्री सेनानी जॉन हॉकवूड पिसा, मिलान, पोप आणि शेवटी फ्लोरेन्स अशा अनेकांच्या चाकरीत होता. थकलेल्या पैशांपोटी पोपनं त्याला रोमान्यातली बान्याकावालो आणि कोतिन्योला ही गावं दिली. ती राखायची तर माणसं आणि पैसा ओतायला हवा, तेव्हा बान्याकावालो त्यानं फेराराच्या एस्ते घराण्याला विकून टाकलं. त्याच्या मृत्यूनंतर (१३९४) फ्लोरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये त्याचं घोड्यावरचं चित्र रंगवलं गेलं, जे आज दिसतं ते पाओलो उच्चेल्लोनं १४३६ मध्ये काढलेलं. जमीनदार म्हणून नव्हे, सेनानी म्हणून.

बाहेर पडण्याचा मार्गही तोलून पाहा. मर्सिनरीचा करार संपवला की त्या राज्याची युद्धं तुमची राहत नाहीत, दुसऱ्या दिवशी शेजारच्या राज्याकडे जाऊन नवा करार करा. व्हॅसलला दोनच वाटा: जहागिरी परत करून निघायचं, किंवा त्या ठेवून निघायचं. ठेवल्यात तर जुन्या धन्याशी तत्काळ युद्ध, आणि कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या सरदारांशी संबंध बिघडतात ते वेगळंच. ज्यांना पुढे स्वतःचं राज्य काढायचंय, त्यांनी हे आत्ताच डोक्यात ठेवावं. राज्य स्थापायला क्लॅन टियर ४, स्वतःची एक वस्ती आणि कोणाच्याही चाकरीत नसणं लागतं. तिथवर भाडोत्री राहून पैसा आणि कसलेले सैनिक साठवायचे, मग एखाद्या युद्धानं खंगलेल्या राज्याचा कोपरा उचलायचा, हा मार्ग मला जास्त स्वच्छ वाटतो. मित्र मात्र कमी होतात, कारण सरदारांशी नाती जुळतात ती एकत्र मतदान करताना आणि त्यांच्या बाजूनं उभं राहताना.

व्यापारावर जगणाऱ्यांना दोन्हीकडे तोटा सारखाच. युद्ध पेटलं की कॅरॅव्हॅन (तुमचे व्यापारी तांडे) लुटले जातात, मग तुम्ही करारावर असा की शपथेवर.

राज्यानुसार उत्तर बदलतं. नकाशाच्या मध्यावरच्या बॅटानियाला चारी बाजूंनी शत्रू, त्यामुळे तिथल्या राजा कॅलाडॉगच्या पदरी मर्सिनरीला लढायांचा दुष्काळ नसतो. पण तिथेच शपथ घेऊन किल्ला सांभाळायचा म्हटलं तर रात्रीची झोप गेली. पूर्वेच्या कडेला असलेल्या खुझैतचं याच्या उलट: पाठ सुरक्षित, घोडदळ वेगवान, सरदारकीला उत्तम. पण त्यांचा खान मोनचुग याचं राज्य आधीच फुगलेलं असेल तर जमिनीच्या रांगेत तुमच्यापुढे बरीच घराणी उभी असतात. जहागिरीच्या मतदानात तीन नावं येतात, शेवटचा शब्द राजाचा असतो, आणि इन्फ्लुअन्स खर्चून तो सगळ्यांचं मत डावलूही शकतो. शपथ घेण्याआधी एन दाबून एन्सायक्लोपीडियात त्या राज्याची घराणी उघडा आणि किती जणांकडे अजून एकही वस्ती नाही ते मोजा. संख्या मोठी दिसली तर आणखी एक हंगाम करारावरच काढा, तोवर त्यातली दोनचार घराणी दुसऱ्या राज्यात गेलेली असतील.